कुरणावाचून पोसलेले ससे

बाळकुमच्या मॅग्डलीनला गावाने वाकलेलं पाहिलं ते फक्त भाताच्या लावणीला. एरवी बाई ताठ. देवळात फादरसमोरसुद्धा ती मान तेवढी लववायची, कंबर नाही.

तरुणपणी ती ठाण्यात खाडीकाठच्या एका बंगल्यावर आया होती. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा मडमेने सशांची एक जोडी खोक्यासकट तिच्या हवाली केली. ती जोडी घेऊन मॅग्डलीन बाळकुमला आली आणि अख्खा गाव हसला. "कोंबडी अंडं देते, डुक्कर सणाला कामी येतं, ह्यांचे काय नुसते कान बघायचे?" मॅग्डलीनने खोका पडवीत नेऊन मांडला. चार वर्षांत तिच्या पडवीत चाळीसेक ससे झाले आणि ठाण्याच्या बंगल्यांतले बटलर टोपल्या घेऊन तिच्या दारात उभे राहू लागले. तिचा नवरा कॉस्मास ताडावरून पडून एका पायाने अधू झाला होता. तो बसल्याबसल्या होईल ते करायचा, पण घर चालायचं ते ह्या सशांवर.

सशांना लागतं वाळलेलं गवत, आणि ते रोज लागतं. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला मोठं कुरण होतं. पावसाळा सरला की गावातला जो तो तिथून आपापला भारा कापून आणायचा. कुणी म्हशीसाठी, कुणी छपरासाठी, मॅग्डलीन सशांसाठी. आजे-पणजे हेच करत आले होते. कुणाला विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. शेकड्यांनी घोडे, आणि त्यांना रोज गवत. ठाण्याच्या स्टेशनातून गवताचे दाबलेले गठ्ठे मालगाडीने जाऊ लागले आणि ज्या गवताकडे आजवर कुणी वळून पाहिलं नव्हतं त्याला एकदम धनी आला. अठराशे सत्याहत्तर सालच्या दिवाळीआधी सरकारने कुरणाचा लिलाव केला. ठेका मुंबईच्या एका शेटजीने घेतला आणि राखणीला जुन्नरकडचा एक मुकादम आणून बसवला. महिपत त्याचं नाव. रुंद छातीचा, जाड मिशांचा, हातात कायम वेळूची काठी.

मॅग्डलीन विळा घेऊन नेहमीसारखी कुरणात शिरली. भारा बांधून होतोय तोवर महिपत समोर.

"ए बाई, ठेव ते खाली. कुरण शेटजींचं हाय आता."

"कधीपासना?"

"लिलाव झाल्यापासनं. एक काडी जरी उचलली तरी चोरी."

"माझ्या आजीनं हितं गवत कापलं, माझ्या आयनं कापलं. तवा तुझा शेट कुठं होता?"

महिपतने भारा पायाने लोटला, तिच्या हातातला विळा हिसकून घेतला आणि हसला. "सशांना घाल की भाकरी. न्हाईतर खाऊन टाक समदे. ह्या गवताबिगर तुझा एक ससा संक्रांत बघायचा न्हाई."

भोवती शेटजींच्या रोजावर कापणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. मॅग्डलीनने पदर खोचला.

"ऐक मुकादमा. तुझ्या गवताचं एक पातं माझ्या दारात येनार नाय. मागायला बी येनार नाय. आन् माझे ससे जगतील, वाढतील, तुझ्या घोड्यांपरीस तजेलदार दिसतील. बघतच रहा तू."

बोलून तर बसली. पण घरी येताच तिने आधी माळ्याला शिडी लावली. माळ्यावर गेल्या सालचं गवत जेमतेम पंधरा दिवसांचं होतं.

नवं भात झोडून झालं होतं, तेव्हा पेंढा मुबलक. तिने तोच घातला. मोठे ससे नाक मुरडत का होईना, निभावले. पिल्लांचं मात्र वाढणंच थांबलं. पाठीवरून बोट फिरवलं की मणके मोजता यायचे. तिने मग बांधावरच्या पांगाऱ्याची पानं गळायच्या आधी ओरबाडली, बांबूच्या बेटातला पाला आणला, सगळं सावलीत वाळवलं. पिल्लं जरा सावरली.

माघात वालाच्या शेंगा काढून झाल्या. शेजारची रखमाबाई, आगऱ्यांची, वालाचे वाळके वेल चुलीत घालायला पडवीत रचत होती. तिची शेळी दावं ताणताणून त्या ढिगात तोंड घालायची. मॅग्डलीन उभी राहून ते बघत राहिली.

"रखमे, हे वेल मना दे."

"ने की. राख तर व्हायची त्यांची."

वालाच्या वाळल्या पाल्यावर पिल्लं अशी तुटून पडली की मॅग्डलीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दुसरं सगळं बंद केलं आणि पोटभर वालच घातला. आठवड्याच्या आत सात पिल्लं गेली. पोटं ढोलासारखी फुगलेली, अंग थंडगार.

कॉस्मासने ती फणसाखाली पुरली. हात झटकत तो म्हणाला, "मॅग्डलीन, एक डाव जाऊन त्या मुकादमाशी गोड बोल. एक भारा त्याला काय जड नाय."

"सात मेली म्हनून बाकीच्यांना त्याच्या पायावर घालू? चुकलं ते माझं चुकलं, वालाचं नाय. मी हावरेपना केला."

दुसऱ्या दिवशी तिने एकाच मादीची आठ पिल्लं घेतली आणि चार खोक्यांत दोन-दोन ठेवली. एकात नुसता पेंढा. दुसऱ्यात पेंढा आणि पांगारा. तिसऱ्यात निम्मा वाल, निम्मा पेंढा. चौथ्यात निम्मा वाल आणि बाकी पांगारा, बांबू, पेंढा मिळून. दर रविवारी, देवळातून आल्यावर, कोळणीकडून आणलेल्या मासळीच्या तागडीत ती एकेक पिल्लू घालायची, दुसऱ्या पारड्यात नदीतले गोटे. पिल्लू तागडीत ठरायचं नाही, कॉस्मास हसायचा, पण गोटे तोच लावायचा. महिन्याभरात चौथ्या खोक्यातली दोन पिल्लं बाकीच्यांना मागे टाकून गेली. तिसऱ्यातलीही बरी होती, पण त्यांचं पोट मधूनमधून बिघडायचं. मॅग्डलीनला उमगलं. वाल अंग भरतो, पण त्याला जाडंभरडं सोबतीला हवं. आणि वेल उन्हात टाकला तर पान चुरून जातं, हाती काटक्याच उरतात. तो सावलीतच वाळवायचा.

ईस्टरच्या सुमाराला बटलर टोपल्या घेऊन आले ते चाटच पडले. असे भरलेले ससे त्यांनी आजवर नेले नव्हते. ही बातमी फिरत फिरत महिपतच्या कानी गेली आणि त्याने सरळ कयास बांधला: बाई चोरते. पोलीसपाटलाला घेऊन तो तिच्या दारात आला. मॅग्डलीनने माळ्याची शिडी स्वतः लावून दिली. वर वालाचे वेल, पांगाऱ्याची पानं, बांबूचा पाला. कुरणाची काडी नाही.

"हे दाखवायचं," महिपत म्हणाला. "खायचं दुसरीकडं लपवलंय. काटक्या खाऊन ससा फुगतो व्हय? कचेरीत चल."

"चल," मॅग्डलीन म्हणाली. "तू म्होरं हो. मना वाट दाखवायची गरज नाय."

ठाण्याच्या कचेरीत मामलेदार होते पुण्याकडचे, वयस्क, चष्म्यावरून बघणारे. महिपतने तक्रार सांगितली. मॅग्डलीनने काखेतली टोपली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. एका सशाने कान उभारले. कारकून खुर्ची सोडून उठला.

"बाई, हे काय?" मामलेदार म्हणाले.

"साक्षीदार, रावसाहेब. मी बोलले तर मुकादम म्हनतो खोटं. ह्यांना तुमच्याकडं ठेवा. माझा चारा तुमच्या शिपायासमोर घालीन. वाढले तर मी खरी. नाय वाढले तर मना तुरुंगात घाला."

मामलेदारांनी वाकून टोपलीत पाहिलं. मग त्यांना त्यात रस वाटू लागला असावा. "एकाच वेताची चार पिल्लं आणा," ते म्हणाले. "दोघांना तुमचा चारा, दोघांना मुकादमाने आणलेलं कुरणाचं गवत. चौदा दिवस. वजन आपल्या तिजोरीच्या तराजूवर होईल. मुकादम, कबूल?"

महिपतला नाही म्हणता येईना.

पिल्लं पन्नास-पन्नास तोळ्यांची भरली. कचेरीच्या मागच्या पडवीत दोन खोके ठेवले. चाऱ्याच्या पोत्याला लाखेची मोहोर, आणि राखणीला रघु शिपाई. मॅग्डलीन रोज सकाळी बाळकुमहून चालत यायची, रघुसमोर मोहोर फोडायची, चारा घालायची, पाणी बदलायची आणि चालत परत. वाटेत ठाण्याच्या टेंभी नाक्यावर लोक विचारायचे, "काय बाई, ससे काय म्हणतात?" ती म्हणायची, "खटला जिंकायचं म्हनतात."

दहाव्या दिवशी ती आली तर तिच्या खोक्यातलं एक पिल्लू कोपऱ्यात गोळा होऊन बसलेलं. पोट ताणलेलं, दात कराकरा वाजत होते. खोक्यात हिरव्या मेथीचं एक देठ होतं.

"रघु, हे कुनी घातलं?"

रघुचा चेहरा उतरला. "मीच, मावशी. बिचारी रोज कोरडंच खातात. बाजारातून ओली जुडी आणलेली, म्हटलं तुमच्या लेकरांना..."

"लेकरांना मारशील अशानं!" ती कडाडली, मग त्याचं तोंड बघून खाली बसली. "तुझ्या मनात काय वाईट नव्हतं. पन कोरड्यावर वाढलेल्या पोटाला अशी ओली पालेभाजी सोसत नाय."

तेवढ्यात महिपत आला. त्याने खोक्यात डोकावलं आणि मिशीवर हात फिरवला. "कबूल कर बाई. गवताबिगर मरतंय ते. म्या शेटजींना सांगून तक्रार मागं घेतो. तू फकस्त हात जोड."

मॅग्डलीन त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. "हात मोकळे नाय माझे," ती म्हणाली. तिने वाल काढून टाकला, पिल्लाला नुसता बांबूचा पाला आणि पेंढ्याच्या काड्या दिल्या, पोट हलक्या हाताने चोळत राहिली. दिवसभर ती तिथून उठली नाही. दिवेलागणीला पिल्लाने एक काडी ओढली आणि चावायला लागलं. मग ती मामलेदारांकडे गेली आणि मेथीची हकिगत तिने स्वतःच सांगून टाकली. "ह्या पिल्लाचं वजन कमी भरल. पन रघुला बोलू नका. दोन दिवस वाढवून बी मागत नाय."

चौदाव्या दिवशी पडवीत ही गर्दी. बाळकुमहून रखमाबाई आली, आणखी पाच-सहा बाया आल्या, कॉस्मास बैलगाडीतून आला. कुरणाच्या गवतावरची दोन्ही पिल्लं बासष्ट तोळ्यांच्या आसपास भरली. मॅग्डलीनचं पहिलं पिल्लू बहात्तर. आजारी पडलेलं, चौसष्ट.

कुणी टाळ्या पिटल्या नाहीत, कचेरी होती ती. पण रखमाबाईने तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलत होते.

"चोरी शाबीत नाही," मामलेदार म्हणाले. "बाई, तुम्ही जाऊ शकता."

मॅग्डलीन जागची हलली नाही. "रावसाहेब, माझा विळा ह्याच्याकडं हाय. आन् कुरनातला गावाचा भारा?"

"विळा मुकादम आत्ता देतील." मामलेदारांनी चष्मा काढला. "कुरणाचं मात्र माझ्या हातात नाही. कायद्याने ते ठेकेदाराचंच आहे."

"कायदा तुमचा," ती म्हणाली. "पन ते बरोबर नाय. तेवढं लिहून ठेवा." कारकुनाने मामलेदारांकडे पाहिलं. मामलेदारांनी मान हलवली. आणि त्याने लिहिलं. लिहिल्याने कुरण काही परत आलं नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही.

पण बाळकुममध्ये वालाचा वेल पुन्हा कुणी चुलीत घातला नाही. रखमाबाईने शेळीच्या शेजारी सशांचा खोका मांडला. तिच्यामागून कलावतीने, मग डोरोथीने. ज्या बाईने विचारलं तिला मॅग्डलीनने वाल किती, पांगारा किती, बांबू किती ते सगळं शिकवलं. एकच अट घातली: मेलेल्या सात पिल्लांची गोष्टही ऐकायची, नुसती जिंकल्याची नाही.

पुढल्या माघात महिपत रिकामी बैलगाडी घेऊन गावात आला. शेटजींच्या कानावर गेलं होतं की वालाच्या वेलावर जनावर भरतं. घोड्यांसाठी गावातले सगळे वेल त्यांना हवे होते. ह्या वेळी काठी गाडीत ठेवून तो मॅग्डलीनच्या अंगणात उभा राहिला. आवाजही खाली आला होता.

"मॅग्डलीनबाय, तुमी एक शबूद टाकला तर समदा गाव देईल. शेटजी दाम चांगला देत्यात. आन् कुरणातला एक भारा तुमास्नी दर हप्त्याला. म्या स्वता आणून टाकीन."

पडवीतून कॉस्मासने मान वर केली. शेजारच्या दारात रखमाबाई उभी होती. मॅग्डलीन पांगाऱ्याची पानं पसरत होती, ती पसरतच राहिली.

"भारा गावाला देतो, की मना एकटीला?"

महिपत घुटमळला. "तुमास्नी."

"मग गाडी वळव, मुकादमा."

त्याने पाच घरं विचारली, पाचही दारांत तेच उत्तर मिळालं. शेवटी त्याने बैलांना चुचकारलं आणि शेजारच्या कोलशेत गावाचा रस्ता धरला. पण कोलशेतच्या बायांनाही मॅग्डलीन आदल्याच रविवारी वाल-पांगाऱ्याचं सगळं शिकवून आली होती.