नेटाची आठवी पायरी

हॉइक गावच्या बालवाडीत मी स्वयंपाकीण आहे. नेटा लेडलॉचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं.

नेटा छोट्यांच्या खोलीत मदतनीस होती. तरुणपणी ती इथल्याच स्वेटरच्या गिरणीत नमुने काढायची; गिरणीनेच तिला कॉलेजात धाडून विणकाम-रचनेची पदविका करवली होती. गिरणी बंद पडली आणि ती आमच्याकडे आली. मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. त्यातलीच एक, कर्स्टी, आता रीतसर शिकून त्याच खोलीत शिक्षिका झाली होती.

मग नियम आला. आमच्या देशात सगळ्या शिक्षणाची एक शिडी केलेली आहे, बारा पायऱ्यांची. खाली शाळेचे दाखले, वर डॉक्टरेट. केस कापायला शिकलेला आणि हिशेब शिकलेला एकाच पायरीवर असू शकतात. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. तर मुलांच्या खोलीत काम करायचं असेल तर बालसंगोपनाची सातवी पायरी हवी, आणि तीही ठरल्या मुदतीत. नाहीतर नोंदणी रद्द, म्हणजे खोलीबाहेर.

कॉलेजात या अभ्यासक्रमाच्या फुकट जागा होत्या. नेटा अर्ज घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली. तिचा भाऊ वॉटी, गिरणीतला जुना मेकॅनिक, चहाला आला होता. ‘सर्वोच्च शिक्षण’ या रकान्यावर तिचं पेन थांबलं.

“शाळाच लिहिते,” ती म्हणाली. “बाकीचं कशाला?”

“शाळा?” वॉटी उखडला. “गिरणीने शिकवलं ते लपवणार? अगं नेटे, आई वरून चप्पल फेकून मारेल!”

आमच्या गावात गिरणी नाकारायची म्हणजे बापाचं नाव नाकारण्यासारखं. नेटाने पदविका लिहिली, ठळक अक्षरांत.

पुढच्या आठवड्यात कॉलेजातल्या रदरफर्ड बाईंचा फोन आला. नेटा मला मदत करत होती; तिचे हात कणकेत होते, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

“तुमची पदविका आठव्या पायरीवर बसते. अभिनंदन!”

“बरं. मग वर्ग कधी सुरू?”

“तीच तर अडचण आहे हो. फुकट जागा वर चढणाऱ्यांसाठी असते. तुम्ही सातवीच्या वर आहात. खाली उतरायला सरकार पैसे देत नाही.”

“मग माझी आठवी धरा ना, बालवाडीसाठी.”

“ती विणकामाची आहे, नेटा. उंची तेवढीच धरली तरी विषय वेगळा. नोंदणीवाले नाही घेणार.”

“म्हणजे तुमच्यासाठी मी फार शिकलेली, आणि त्यांच्यासाठी अडाणी?”

स्वतःच्या खर्चाने शिकायचं तर नेटाच्या पगारात घरभाडं निघून जेमतेम कोळसा यायचा. कामाचा अनुभव अर्ध्या अभ्यासाचे गुण म्हणून धरता येतो, असं बाईंनी सुचवलं. पण उरलेल्या अर्ध्या अभ्यासासाठी पुन्हा तीच फुकट जागा हवी होती.

“ती पदविका जाळून टाक,” संध्याकाळी वॉटी पडेल आवाजात म्हणाला.

“मला जाळलंस तरी त्यांच्या यंत्रात मी आठवीवरच राहणार, वॉटी.”

त्याने टोपी उचलली आणि चहा न पिताच गेला. मला त्याचीही दया आली.

मुदत संपली. आमच्या व्यवस्थापकांनी नेटाला काढलं नाही, माझ्या हाताखाली दिलं. ती बटाटे सोलायची आणि पलीकडे कुणी रडलं की सोलणं थांबवायची. कुणाचं रडणं आहे हे तिला भिंतीपलीकडूनही कळायचं, पण उठायची सोय नव्हती. मुलांपाशी तिचं असणं आता नियमात बसत नव्हतं. मला तर कोंडून घातल्यासारखं व्हायचं; तिला काय होत असेल!

एका दुपारी झोपेच्या वेळी चिमुरडी एली खोलीतून निसटली आणि धावत येऊन नेटाच्या ॲप्रनला बिलगली. मागोमाग कर्स्टी आली. दोघींना पाहून तिचे डोळे भरले.

“थोडा वेळ असू दे, नेटा. मी दारात उभी राहते.”

“नको गं. तुझी नोंदणी जायची.”

“तू का येत नाहीस आमच्या खोलीत?” एलीने विचारलं.

नेटा गुडघ्यांवर बसली. “मी फार वर चढून बसलेय, राणी. मला खाली येऊ देत नाहीत.”

“मी हात देते,” एली म्हणाली आणि तिने खरंच हात पुढे केला.

नेटाने तो धरला नाही. ॲप्रनवरची एलीच्या दुसऱ्या हाताची बोटं तिने एकेक करून सोडवली आणि पोर कर्स्टीच्या कडेवर दिली.