लिव्हर फिरवणाऱ्या बाई

पदर कमरेला खोचून त्या आमच्या ओसरीसमोर उभ्या राहत, दोनदा टाळी वाजवत. "चाल वं पोरी, तुह्या लिवरले फिरवून आणू."

अमरावतीत आमच्याच गल्लीत राहणाऱ्या या बाई मुलींच्या आखाड्यात लेझीम आणि जोर-बैठका शिकवत. मी पंधरा वर्षांची, वकिलांची लाडकी. मी चढले की जिना कण्हायचा. बरगडीखाली दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "लिव्हरवर चरबी चढलीय, सूज आलीय. अशीच वाढली तर लिव्हर निकामी होईल. याला औषध नाही. रोज चालवा, दमवा, गोडधोड बंद करा."

आईला पटेना. आमच्याकडे आजारी माणसाला खाटेवर निजवून तुपातला शिरा भरवत. मीही निमूट आजारी पडून राहिले. इतकी आज्ञाधारक मुलगी तुम्ही पाहिली नसेल.

बाईंच्या कानावर हे गेलं आणि टाळी सुरू झाली. वाट ठरलेली, मैदानापलीकडच्या कडुनिंबापर्यंत. मी मध्येच मटकन बसून चक्कर आल्याचं सोंग करायची. बाईही शेजारी धुळीत बसत.

"बस. मलेबी घाई नाही."

परतल्यावर विचारत, "दम लागला?"

"हो."

"मंग उद्याबी लागू दे."

दिवाळीपर्यंत माझे परकर सैल झाले. मावशी म्हणाली, पोरीला क्षय तर नाही? आई हबकली. "अशा वाळलेल्या मुलीला कोण करून घेईल? उद्यापासून येऊ नका."

बाई पायरीवरून हलल्या नाहीत. "वैनी, लग्नाले पोरगी लागते ना? मंग आधी पोरगी तर राहू द्या. दाक्तरले दाखवा. थो नाही म्हनला तं मी येनार नाही."

डॉक्टरांनी बराच वेळ बरगडीखाली बोटं दाबली. "लिव्हर आता हाताला लागत नाही." मला वाटलं, हरवलंच. "म्हणजे सूज उतरली," ते म्हणाले. आई तिथेच रडली. दुसऱ्या दिवशी टाळी वाजायच्या आत ती माझ्या चपला घेऊन दारात उभी होती.

लग्न होऊन मी अकोल्याला गेले. एकदा माहेरी आले तर बाई खाटेला खिळलेल्या, पाय गेलेले. म्हणाल्या, "जाय वं, माह्या वाटचं फिरून ये."

कडुनिंबापर्यंत जाऊन आले.

"दम लागला?"

"हो, बाई."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

त्या पावसाळ्यात बाई गेल्या. पुढच्या खेपेला त्यांच्या दाराला कुलूप होतं. मी पदर खोचला, कडुनिंबापर्यंत गेले, परत येऊन त्यांच्या पायरीवर बसले. दम लागला होता.