चाहूलताईला न लागलेला शेवट

आमच्या मासिकात भयकथा छापतात, शेवटी धक्का देणाऱ्या. मी त्या टाइप करते आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी ताई मुद्रितं तपासायची. तिला सगळे चाहूलताई म्हणायचे, कारण दुसरं पान उलटायच्या आत ती शेवट सांगून मोकळी. "हे बघ, बाई दार उघडून आत आली, आणि किल्ली बाहेर कुलपातच राहिली असं उगाच सांगितलंय. ही आता बाहेर पडत नाही." आणि खरंच नाही पडायची! मला तर रागच यायचा. बोटं दुखेपर्यंत टाइप करायचं मी, आणि मजा घालवायची हिने.

एकदा मी भांडलेच. "तुला कळतं तरी कसं गं?"

"अगं, लेखक लपवत काहीच नाही. सगळं समोरच ठेवतो, फक्त साध्या वाक्यात, म्हणून आपण पुढे जातो. गरज नसताना एखादी गोष्ट सांगितली की समजायचं, इथे पाणी मुरतंय. मी तिथेच पेन्सिलीने खूण करते."

तिला शेवट आधी कळला की संपादक ती कथा साभार परत करायचे. एवढा तिचा दरारा.

घरी मात्र तिचं काही चालत नसे. वडील अर्धांगवायूने नऊ वर्षं अंथरुणात. दिवसा भावजय बघायची. ही घरी पोचली की थेट सकाळपर्यंत हिची पाळी. वडिलांच्या पायथ्याशीच हिची खाट, आणि दर तासाला हाक. नऊ वर्षांत बाईने एक घास गरम खाल्ला नव्हता. ऑफिसचे आठ तास, तेवढीच तिची मोकळी हवा.

"मग निघ ना तिथून," मी वैतागून म्हणायची.

"मी निघाले तर पळाले म्हणतील, आणि मलाही तसंच वाटेल. त्यांनी काढलं तर सुटले." ती हसून बोलायची. मला काही हसू यायचं नाही.

मग एका सकाळी आली ती पर्स टेबलावर आदळतच. "घरात पाणी मुरतंय."

भावजय, जिने कधी अर्धा कप विचारला नाही, ती हातात चहा आणून देत होती. धाकटा भाऊ टेप घेऊन कपाटं मोजायचा आणि ही खोलीत शिरली की टेप खिशात. त्याने हिचे दोन फोटो मागून घेतले. कशाला, तर "सांगतो नंतर." आणि भाचीने विचारलं, "आत्या, तुला एकटीला झोप येते का गं?" तिच्या आईने तिला डोळे वटारून गप्प केलं.

"काढतायत मला," चाहूलताई म्हणाली. "फोटो कुठल्या तरी वसतिगृहाच्या अर्जाला." आवाजात भीती होती आणि, देवाशपथ सांगते, आनंदही होता. पुढचे दहा दिवस तिला धड जेवण गेलं नाही. वडिलांच्या आठवणीने डोळे पुसायची आणि लगेच पडद्याचा रंग ठरवायची. मी म्हटलं, त्यांनी शोधलेल्या कोंदट खोलीत कशाला जातेस? नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात मी तिला खोली पाहून दिली. एक पलंग, एक खिडकी. "दाराला आतून कडी आहे?" तिने तीनदा विचारलं.

शनिवारी भावाने तिला बोलायचंय म्हणून रजा घ्यायला लावली. सोमवारी ती आली नाही, मंगळवारीही नाही. संपादकांनी मुद्रितांचा गठ्ठा देऊन मला तिच्या घरी पाठवलं.

दार तिनेच उघडलं. अर्धं घर रिकामं होतं.

"त्याची लांब बदली झाली," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "गेले सगळे. वडिलांना प्रवास झेपणार नाही ना. घर माझ्या नावावर करायचे कागद त्याने आधीच तयार केले होते, फोटो त्या कागदांसाठीच हवे होते. 'ताई, हे तुझ्या हक्काचं,' म्हणाला. शेजारी म्हणतात, भाऊ असावा तर असा! मी काय बोलणार? आभार मानले मी त्याचे."

"अगं, दिवसा बाई ठेव."

"दोन ठेवून पाहिल्या होत्या भावजयीने. वडिलांनी दोघींना पळवून लावलं." आतून हाक आली. "आले!" म्हणून ती ओरडली, पण जागची हलली नाही. "मला सगळं दिसलं होतं गं. शेवट तेवढा भलताच धरला. नोकरीचं काय, म्हणून विचारलं तर म्हणाला, त्याची सोय कधीच झाली आहे, तुमच्या ऑफिसातच विचारलंय, कामं घरी पाठवतील. कोणी गं सांगितलं असेल त्याला?"

मीच. पंधरवड्यापूर्वी ती वडिलांना दवाखान्यात घेऊन गेली होती, तेव्हा तिचा भाऊ ऑफिसात आला होता. ताईसाठी छान काहीतरी ठरवतोय, तिला इतक्यात बोलू नका, म्हणाला. मला वाटलं, बिचारीला जरा आराम मिळेल. "घरून काम? अहो आनंदाने! मीच आणून देईन की," असं मी, तोंडाळ बाई, हसतहसत म्हणाले होते. नंतर दहा दिवस ती माझ्यासमोर एकेक खूण मांडत होती आणि मी दिलेला शब्द पाळत बसले. एवढं एक तिला कळलं असतं तर तिने शेवट तिथेच ओळखला असता.

"संपादकांनी सांगितलं असेल," मी म्हणाले आणि गठ्ठा तिच्या हातात दिला.