गाडीवर धरलेली छत्री

पप्पांचा गाडीच्या अपडेटवर फार विश्वास आहे. त्याला कारण आहे. नवी असताना आमची गाडी रस्त्यात म्हैस दिसली की किंचाळायची, आणि पिंपळवंडीत म्हशी पुष्कळ. मग एकदा अंगणात उभ्या उभ्या तिला अपडेट आलं आणि गाडी म्हशींना सरावली. ना गॅरेज, ना मेकॅनिक. तेव्हापासून अपडेटची सूचना दिसली की पप्पांना आहेर आल्यासारखं वाटतं. नाही म्हणवत नाही.

माझ्या आतेभावाचं लग्न बेल्ह्याला होतं. त्याला घोडा नको होता. आमच्या गाडीच्या सनरूफमधून उभं राहून त्याला मांडवात जायचं होतं, आणि तेवढ्यासाठी तो गेले काही महिने पप्पांशी फार अदबीने वागत होता.

बेल्ह्यात पोचल्यावर नवरदेव मारुतीच्या देवळात गेला आणि पप्पांनी मोबाईलची रेंज बघितली. आमच्या घरी अपडेट निम्म्यात अडकतं. इथे रेंज भरपूर होती.

"आत्ता कशाला, पावणं?" नवरदेवाचे काका म्हणाले.

"नवरदेवाला हळद लागली, मग गाडीनं काय घोडं मारलंय?" पप्पांनी बटण दाबलं.

नवरदेव देवळातून बाहेर आला तेव्हा गाडी बंद होती आणि पडद्यावर साठ टक्के दिसत होते. बँडवाले वाजवत राहिले. काकांनी धक्का द्यायची तयारी दाखवली.

अपडेट एकदाचं संपलं, पण सनरूफचं बटण गायब झालं होतं. सनरूफ आता बोलून उघडायचं होतं, तेही इंग्रजीत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागच्या सीटवर, कुणाला दिसणार नाही अशा बेताने बसले होते.

"एवढं इंग्लिश मिडियमला घातलंय, बोल की," आत्या म्हणाली.

"तिला लेखीला मार्क पडायचे, तोंडीला नाय," पप्पा म्हणाले.

मला पुढे बसवलं. मी बोलले, पण बँडमध्ये माझा आवाज मलाच आला नाही. मग काकांनी बँड थांबवला. नाचणारे थांबले. अख्खी वरात माझं इंग्रजी ऐकायला उभी राहिली.

"ओपन द सनरूफ."

छत उघडलं. नवरदेव वर आला, बँड सुरू झाला. आम्ही मुलीच्या आळीत शिरलो तशी गच्च्यांवरून फुलांच्या पाकळ्या पडायला लागल्या. अपडेटने गाडीला आणखी एक गुण दिला होता. समोरच्या काचेवर काही पडलं की तिला पाऊस आला असं वाटायचं. वायपर पाकळ्या ढकलू लागले आणि छत बंद व्हायला लागलं. नवरदेवाच्या कमरेला लागून ते जरा थबकलं, तेवढ्यात तो खाली बसला.

पुन्हा बँड बंद, पुन्हा मी. पुन्हा पाकळ्या. मुलीकडच्यांना फुलं टाकू नका म्हणून सांगणार कोण? त्यांचा मान होता. तिकडे मुहूर्त जवळ आला होता आणि मांडवातून फोन येत होते.

"आता बसूनच जाऊ," पप्पा म्हणाले.

"बसून जायचं व्हतं तर एसटीनं आलो असतो, मामा," आतेभाऊ म्हणाला. फेट्याखाली त्याचा चेहरा रडवेला झाला होता. गावभर सांगून ठेवलं होतं त्याने.

"पप्पा, काचेवर काही पडूच द्यायचं नाही. छत्री आहे ना?" मी म्हणाले. एव्हाना माझा आवाज वाढला होता. बँडवाल्यांनी सवयीने वाजवणं थांबवलं.

सीटखालून पप्पांची मोठी काळी छत्री निघाली. मी छत उघडलं, आतेभाऊ वर गेला आणि त्याने छत्री पुढे काचेवर धरली. लख्ख उन्हात, शेरवानी घालून, घामाने निथळत, स्वतःच्या डोक्यावर नव्हे तर गाडीच्या डोक्यावर. पण उभा. मुहूर्ताआधी मांडवात पोचला.

दारात नवरीच्या मामी बराच वेळ छत्रीकडे बघत होत्या.

"तुमच्यात गाडीवर छत्री धरत्यात व्हय?"

आत्याने काकांकडे बघितलं. काकांनी पप्पांकडे.

"व्हय," पप्पा म्हणाले. "पयल्यापासनं."

यंदा नवरीच्या भावाचं लग्न झालं. पाहुण्यांची पद्धत डावलायला नको म्हणून त्यांनीही काळी छत्री आणली होती. नवरदेव घोड्यावर होता. छत्री घोड्याच्या डोक्यावर.