मोठ्यानं वाचणारा

संग्रामपूरच्या स्टँडजवळचा कॉम्प्युटरवाला पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचतो. वाचल्याशिवाय त्याचा हातच चालत नाही. माझ्या नावाचा वेबसाइटचा पत्ता माझ्या ब्लॉगला जोडून घ्यायला मी त्याच्याकडे गेले होते. मी लिहिते, हे घरी कोणालाच माहीत नाही.

तो माझं नाव वाचणार, इतक्यात मोठे दीर आत आले. मी घाईनं पडद्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत, त्यांनी त्यालाच विचारलं, "हिचं काय काम काढलं बे?"

"रेशन कार्ड... आधार जोडणी..." पडद्यावर नसलेलं तो मोठ्यानं वाचत राहिला. "टाइम लागते भाऊ, नेट हळू चालून राह्यलं."

दीर गेले. त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. वर माझं नाव होतं.

"वाचा ताई, तुमचं तुमीच," म्हणाला आणि गप्प बसला.