भाकरी कडू लागली तरी

शालनताई गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही कारखान्यात मालिशच्या तेलाच्या बाटल्या भरत होतो. "अक्का गेली..." एवढंच तिचा भाऊ बोलला. पुढे इस्लामपुरात शोकसभा झाली. तिथे एक गृहस्थ उठले आणि "वरून कडक, आतून लोण्याचा गोळा" असं काहीतरी बोलून बसले. मला रागच आला. लोणी कुठलं? बाई आतूनही कडकच होती, आणि तशी होती म्हणून आमच्या भागातल्या घराघरांत आमच्या तेलाची बाटली फळीवर बिनघोर राहते. हे कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आमच्या छोट्या औषध कारखान्यात ती केमिस्ट होती, मी तिच्या हाताखाली. आमचं मालिशचं तेल सातारा-सांगलीच्या तालमींत भरपूर खपतं. त्यात विंटरग्रीनचं तेल असतं. वास थेट पेपरमिंटच्या गोळीसारखा, पण लहान मुलानं चमचाभर प्यायलं तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून ताई त्यात एक कडू पावडर स्पिरिटमध्ये विरघळवून घालायची. तिला ना रंग ना वास, औषधाच्या गुणात काडीचाही फरक नाही. टाकीला चिमूटभर पुरते, आणि जिभेला टेकली की मूल थुंकून टाकतं. एकदा ताई ती मोजत असताना मालक आत आले आणि "काय उकडतंय" म्हणत त्यांनी पंखा लावला. पावडर उडाली. दुपारी सगळ्यांचे डबे कडू, चहा कडू, ड्रायव्हरची तंबाखूसुद्धा कडू! मालक घास गिळेनात. ताई कपाळाला हात लावून म्हणाली, "आता कळलं न्हवं मालक, पोरगं थुकणार का न्हाई त्ये?"

पण हीच पावडर पुढे भांडणाचं मूळ झाली. पैलवान मालिश करून जेवायला बसतात, आणि नुसत्या पाण्यानं ती चव हाताची सुटत नाही. वाईकडचे एक वयस्क वस्ताद बाटली घेऊन थेट कारखान्यात आले.

"आवं बाई, भाकरी कडू लागतीया. औषध हाय का कारलं?"

"साबणानं हात धुवा की. घरात बारकं कोण हाय?"

"नात हाय. रांगती."

"तिनं बाटली तोंडाला लावली म्हंजे?"

वस्ताद बाटली परत पिशवीत घालून निघून गेले. दुकानदार मात्र एवढे समजूतदार नव्हते. त्यांच्या तक्रारींना कंटाळून मालकांनी पावडर बंद करायला सांगितली. ताईनं तशा मालावर सही करायला साफ नकार दिला, आणि तिच्या सहीशिवाय माल बाहेर पडत नव्हता. नोकरीवरून काढीन, असं मालक म्हणाले. "काढा की! दुसरा आणा सही करणारा. त्याला बी मी आधी सांगंन ह्यात काय हाय त्ये." टाकी तशीच भरून राहिली, दुकानदारांचे फोन वाढले, शेवटी मालक नमले. त्या दिवशी पावडर ढवळताना ती मला म्हणाली, "अडला हरी... आणि गाढव मी!" आम्ही पोट धरून हसलो.

मग आजार आला. मिरजेच्या दवाखान्यात तिला भेटले तेव्हा तिच्या तोंडाची चव पार गेली होती. "आता मला कडू बी लागंना बघ," ती म्हणाली. थोड्या वेळानं माझा हात धरून म्हणाली, "मी गेले की मालक पयला त्यो पावडरीचा डबा बंद करतील. तवा गं?"

ती म्हणाली तसंच झालं. मागच्या आठवड्यात मालक आले. आता सही माझी असते. "शालनताई होत्या तोवर ठीक होतं. आता काढून टाकू," ते म्हणाले. मी "नाही" म्हटलं. तपासणीचा अहवाल हातात असला तरी सहीआधी तयार मालाचा एक थेंब बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला टेकवायचा, थुंकायचं, खळखळून चूळ भरायची, ही तिची सवय. नियमात न बसणारी, आणि मला कधीच न आवडलेली. त्या दिवशी मालकांसमोर मी तेच केलं. तोंड वेडंवाकडं झालं, तिची आठवण येऊन रडूही फुटलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही. चूळ भरली, सही केली. मालक अजून तिथेच उभे होते.

"पावडरीचा नवा डबा मागवा," मी त्यांना म्हटलं, "हा संपत आलाय."