अंगणातली बाज

तेव्हा मी लातुरात एका क्लासला फिजिक्स शिकवायचो. सकाळी सहापासून एकच धडा चार-चार बॅचला. घरी यायचो तेव्हा घशात नुसता खडू. त्यात मुलीचं बारावीचं वर्ष. दुसऱ्यांची पोरं डॉक्टर करत होतो आणि आपली पोर मोबाईलवर घरं बांधत बसलेली. डोकं फिरणार नाही तर काय!

ठोकळ्यावर ठोकळा रचून गाव वसवायचं आणि मग आपणच त्यात हिंडायचं, असा तो खेळ. एकटी खेळली असती तर एक वेळ चाललं असतं. पण दुपारी चारला माझी आई तिला खेटून बसायची. भूकंपात पडलेलं किल्लारीचं आमचं घर दोघी मिळून बांधत होत्या. त्या घराचा एक फोटोसुद्धा उरला नव्हता. आई सांगायची, पोर रचायची. "दार बुटकं कर की गं, तुझा आजा वाकून यायचा." घर झालं तशी आई रोज आत जाऊन येऊ लागली. पडद्यावर दार आलं की आईची मान आपोआप खाली. मला हसू यायचं, आणि रागही.

माझी धाकटी बहीण त्याच घरात गेली. माळवदाच्या छताची माती आणि दगड झोपेतच तिच्या अंगावर आले. मी नांदेडला कॉलेजात होतो, म्हणून वाचलो. पोरीनं खेळात आत्याची बाज माजघरात ठेवली, तर आई कडाडली, "आत न्हाई! अंगणात टाक." बाज अंगणात गेली. पुनर्वसनाचं नवं घर मिळाल्यावरही आई कित्येक वर्षं उघड्यावरच निजायची. छतावर तिचा विश्वासच उरला नव्हता.

मग एका चाचणीत पोरीला लई कमी मार्क पडले. यादी माझ्याच क्लासच्या भिंतीवर, आणि सगळे मास्तर माझ्याकडं बघत होते. तसाच घरी आलो, तिच्या हातातला मोबाईल हिसकावला आणि सगळा खेळ पुसून टाकला. "बास झाली थेरं! पाडलं तुमचं घर!"

बोललो आणि माझी मलाच शरम वाटली. पोर रडली नाही, नुसती बघत राहिली. आईला खेळ म्हणजे खेळ हे चांगलं कळत होतं. तरी ती माझ्या हातातल्या मोबाईलकडं वाकली.

"आत कुनी न्हवतं न्हवं?" तिनं विचारलं.

पोरीनं तिचा हात धरला.

"न्हाई आज्जी. आत्या अंगणात होती."

"मग बरं," आई म्हणाली.